पाण्यावाचून नाव

मी पिंपं बनवणारा माणूस. ओकच्या फळ्या तासायच्या, जाळावर वाकवायच्या, लोखंडी कड्या ठोकायच्या आणि पाणी भरून बघायचं. गळलं तर गळलं, नाही तर नाही. मधलं काही नसतं. म्हणून मला हा धंदा आवडतो. पण त्या वर्षी हॅरोफील्डच्या गावसभेनं मला कॉन्स्टेबल केलं. हे काम कुणालाच नको असतं. खिशात जोर असलेले दंड भरून मोकळे होतात, आणि मग कॉन्स्टेबलची काळी काठी माझ्यासारख्याच्या गळ्यात पडते.

आणि वर्षही कुठलं, तर साऱ्या कनेक्टिकट वसाहतीचं डोकं फिरलेलं. कुठून कुठून तरुण उपदेशक येत होते, गोठ्यात, बागेत, रस्त्याच्या कडेला उभे राहत होते, आणि लोक त्यांचं ऐकून धाय मोकलून रडत होते, जमिनीवर पडत होते. निम्मं गाव म्हणे, देव आलाय. निम्मं म्हणे, ताप आलाय. पहिल्यांना नव्या उजेडाचे म्हणायचं आणि दुसऱ्यांना जुन्या उजेडाचे. आमचे रेव्हरंड मन्सनसाहेब पहिल्या वर्षी म्हणाले, ही प्रभूची कृपा आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, हा गोंधळ आहे. मी दोन्ही वर्षी मान डोलावली. मी नेमका कुठल्या उजेडात आहे असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मग तो नवा कायदा आला. गावच्या रेव्हरंडांनी बोलावल्याशिवाय बाहेरच्या माणसानं उपदेश करायचा नाही. केला तर तो भटक्या समजायचा, आणि कॉन्स्टेबलनं त्याला पुढच्या गावच्या कॉन्स्टेबलच्या हातात द्यायचा, त्यानं त्याच्या पुढच्या, असं करत करत वसाहतीबाहेर काढायचा. वाचायला सोपा होता.

आता घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्हाला वसंतात मुलगी झाली होती. सोमवारी झाली आणि जन्मतःच अशक्त होती. दूध ओढत नव्हती. सुईणीनं मला बाहेर बोलावलं आणि म्हणाली, रेव्हरंडांकडे जा. मी गेलो. म्हटलं, घरी येऊन बाप्तिस्मा द्या, रविवारपर्यंत टिकेल असं वाटत नाही. रेव्हरंडसाहेब वाईट माणूस नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं. पण ते म्हणाले, "जबेझ, पाणी म्हणजे जादू नव्हे. घरोघरी जाऊन मरणाऱ्याच्या कपाळावर पाणी लावायचं, हे रोमच्या पोपवाल्यांचे प्रकार. आपण तेच सोडून इथं आलो. रविवारी उपासनेच्या वेळी सभाघरात, मंडळीसमोर घेऊन ये." त्यांचं बरोबर होतं. आमच्यात असंच आहे, माझ्या आजोबांपासून असंच आहे. मुलगी शनिवारी गेली.

नावाचंही तसंच. आमच्यात नाव पाण्याबरोबर येतं. रेव्हरंड ओला हात डोक्यावर ठेवतात आणि मंडळीसमोर नाव उच्चारतात, तेव्हा ते नाव. त्याआधी ते नुसतं बाळ. केझायानं, माझ्या बायकोनं, नाव हिवाळ्यातच ठरवलं होतं आणि मला एकदा सांगितलं होतं. मूल गेल्यावर ती ते नाव घेऊन बोलायची. मी "बाळ" म्हणायचो. एक दिवस ती म्हणाली, "नाव घेतलंत तर जीभ झडेल का तुमची?" मी म्हटलं, अगं, पाणी मिळालं नाही तिला, नाव कुठून येणार? मला वाटलं, मी नियम सांगतोय. त्या दिवसापासून केझाया माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. लाकूड संपलंय. गाय आटलीय. कोट शिवलाय. एवढंच.

तिला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे मूल आता कुठं आहे, स्वर्गात की नरकात, हे कळणं. मी रेव्हरंडांना जाऊन विचारलं होतं. त्यांनी दुपारभर समजावलं. देवानं निवडलेली मुलं तारली जातात, पण कोण निवडलेलं हे झाकलेलं आहे. आईबापांनी देवाशी करार मान्य केलेला असेल तर आशेला जागा आहे, पण आशा म्हणजे खात्री नव्हे, आणि खात्री मागणं हाही एक गर्वच. मी ते सगळं डोक्यात धरून घरी निघालो आणि वाटेत निम्मं सांडलं. उरलेलं केझायाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि चुलीतली राख काढायला बसली.

तर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी न्यायाधीश गेलर्डसाहेबांचा हुकूम माझ्या हातात आला. एनॉस पार्डी नावाचा कुणी मॅसॅच्युसेट्सचा तरुण आपल्या गावच्या इथमारच्या सफरचंदाच्या बागेत उपदेश करतोय, त्याला आजच शेजारच्या मिलब्रुक गावच्या कॉन्स्टेबलकडे पोचवा. मी काठी घेतली आणि गेलो.

बागेत अर्धं गाव जमलं होतं. पार्डी एका उलट्या टोपलीवर उभा होता. चोवीस-पंचवीसचा असेल, मनगटं बाह्यांतून बाहेर आलेली, आवाज मात्र असा की सफरचंदं आपोआप पडावीत. नरकाचं वर्णन चाललं होतं. लोकांनी झाडांचे बुंधे धरले होते, जणू खालची जमीन सरकतेय. इथमारसारखा घोड्याच्या लाथेला न डगमगणारा माणूस गवतात तोंड खुपसून हुंदके देत होता. माझ्याही पोटात काहीतरी हाललं. ते भीतीचं होतं, कृपेचं होतं की दुपारच्या डुकराच्या मांसाचं होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी काठी वर केली आणि हुकूम वाचला. तो लगेच टोपलीवरून उतरला आणि म्हणाला, चला. त्यानं जरा भांडायला हवं होतं असं मला वाटलं. मला शिव्या द्यायला तरी कारण मिळालं असतं.

मिलब्रुकची हद्द म्हणजे एक ओढा. दिवसभर आभाळ गच्च होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. आम्ही ओढ्याशी पोचलो तेव्हा पलीकडे त्यांचा कॉन्स्टेबल हेझेकाया रूट आपली काठी घेऊन उभा होता. मी म्हटलं, हा घे तुझा माणूस. तो जागचा हलेना.

"सूर्य गेला, जबेझ," तो म्हणाला. "शब्बाथ सुरू झाला. आता मी कुणाला घेऊन एक पाऊल टाकणार नाही."

"गेला? दिवसभर दिसला होता का कुणाला?"

"दिसला नाही म्हणून गेला नाही असं होतं का?"

आमचा शब्बाथ शनिवारच्या सूर्यास्तापासून रविवारच्या सूर्यास्तापर्यंत. त्यात प्रवास करायला कायद्यानं बंदी. मी म्हटलं, अजून उजेड आहे. तो म्हणाला, उजेड मागं राहतो, सूर्य आधी जातो. मी म्हटलं, आमच्याकडे तारे दिसेपर्यंत धरत नाहीत. तो म्हणाला, ढगात तारे कसे दिसणार, मग तुम्ही सोमवारपर्यंत शनिवारच धरणार का? पार्डी मध्येच म्हणाला की मी एकटाच ओढा ओलांडून जातो, कुणाला त्रास नको. आम्ही दोघंही एकदम त्याच्यावर ओरडलो. तो एकटा गेला तर शब्बाथ त्यानं मोडला असता, कैदी मी सोडला असता आणि भटक्याला रूटनं आत घेतलं असतं.

शेवटी रूट वळून चालायला लागला. त्याचं घर जवळ होतं, त्याला काय. मी तिथंच उभा. पुढं न्यावं तर घेणारा नाही, इथं थांबावं तर थंडी, परत न्यावं तर तोही शब्बाथातला प्रवासच. माझं डोकं चक्रावलं. मी पार्डीला विचारलं, आता परत गेलो तर मी कायदा पाळतोय की मोडतोय?

"मला विचारू नका," तो म्हणाला. "मला उपदेश करायला बंदी आहे."

तो थट्टा करत होता की खरंच बोलत होता हे मला कळलं नाही. आम्ही परत फिरलो.

केझायानं दार उघडलं तेव्हा मी तिला सांगितलं की हा बागेतला माणूस, सोमवारपर्यंत इथंच राहणार, आणि या घरात त्यानं देवाचं नाव काढायचं नाही. बोलून गेलो आणि मग मलाच ते कसंतरी ऐकू आलं. केझायानं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि भट्टीतून खरपूस भाजलेल्या घेवड्याची हंडी काढली. शनिवारी करून ठेवलेलं शब्बाथभर पुरतं. मक्याचा पाव होता, सायडर होतं.

जेवणाआधीची प्रार्थना मीच म्हणायची. घरचा कर्ता मी. पण समोर असा माणूस बसलेला, की ज्याच्या आवाजानं झाडं हलतात. मी नेहमीचे शब्द विसरलो. "हे देवबाप" म्हटलं, घेवड्याबद्दल आभार मानले आणि थांबलो. पार्डी खणखणीत आवाजात "आमेन" म्हणाला. आता आमेन हा उपदेश आहे का? मी जेवता जेवता याचाच विचार केला. घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी नवी पंचाईत. रविवारी सभाघरात प्रत्येकानं हजर राहायचं, हाही कायदाच. कैद्याला घरी ठेवावं तर त्याची हजेरी चुकते आणि माझीही. मग त्याला घेऊनच गेलो आणि मागच्या बाकावर शेजारी बसवलं. केझाया बायकांच्या बाजूला, पेकबाईच्या शेजारी. ही पेकबाई आमची शेजारीण. गावात कुणाची कोंबडी कुठं अंडं घालते हे कोंबडीच्या आधी हिला कळतं.

रेव्हरंडसाहेबांनी खोट्या संदेष्ट्यांवर प्रवचन केलं. सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास. नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळत होत्या. मला उगाच वाटत होतं की माझ्याच कानशिलात मारतायत. पार्डी मात्र मान खाली घालून लक्ष देऊन ऐकत होता. परत येताना म्हणाला, "तुमचे रेव्हरंड बरंचसं खरं बोलतात." मी चिडलो. म्हटलं, मग तू कशाला टोपलीवर चढतोस? तो म्हणाला, "मीही बरंचसं खरंच बोलतो." यानं माझं समाधान होईल असं त्याला कसं वाटलं कोण जाणे.

घरी आलो तेव्हा सूर्य अजून होता. या वेळी आभाळ मोकळं होतं, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. मी मनात म्हटलं, आता एवढा मावळला की शब्बाथ संपला, रात्रीची झोप काढायची आणि पहाटे याला ओढ्यापलीकडे ढकलून यायचं. तेवढ्यात केझायानं पेटीतून दुपटं काढून टेबलावर ठेवलं. पांढरं, तिच्या आईचं. त्यातच गुंडाळून मुलीला सभाघरात न्यायचं होतं. ते वसंतापासून पेटीबाहेर आलं नव्हतं.

"पाद्रीबुवा, एक विचारायचंय," ती म्हणाली.

"केझाया, त्यांना बोलायची बंदी आहे," मी म्हटलं.

"मी कुठं बोला म्हणतेय? विचारतेय."

माझ्या लक्षात आलं की आता काय येणार. मी उठलो. म्हटलं, गाय बघून येतो. ऐकलंच नाही तर साक्षही देता येणार नाही, असा माझा हिशेब होता. आणि खरं सांगायचं तर ते उत्तर ऐकायची माझी छाती नव्हती. या माणसानं काल लोकांना झाडं धरायला लावली होती.

"अहो, बसा," केझाया म्हणाली. "तुमचीही मुलगी होती ती."

मी बसलो.

तिनं सगळं सांगितलं. सोमवार, सुईण, रेव्हरंडांचा नकार, शनिवार. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. कापडाची घडी मोडावी तसं एक एक करून सांगितलं. आणि मग विचारलं, "ती आता कुठंय?"

काल टोपलीवर इतका लांबरुंद दिसणारा माणूस माझ्या खुर्चीत अगदी लहान दिसायला लागला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागत होता की सुटका, कळलं नाही. कॉन्स्टेबलनं नको म्हणायला हवं होतं आणि बापानं सांग म्हणायला हवं होतं, आणि दोघांच्या भांडणात माझं तोंड बंदच राहिलं.

"मला माहीत नाही, बाई," तो म्हणाला.

"काल तर सांगत होतात, कोण कुठं जाणार."

"काल मला दिसत होतं. डोळ्यांसमोर दिसत होतं. इथं काही दिसत नाही." त्याचा आवाज बसला होता. "खोटं सांगू का?"

"नको," केझाया म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "रेव्हरंडसाहेबांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ते फार लांबवून सांगितलं."

आणि ती हसली. खरंच हसली, थोडंसं. मला काही उलगडेना. ज्या उत्तरानं मी उन्मळून पडलो असतो त्या उत्तरानं हिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं होतं. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं राहतोय आणि या बाईच्या मनात काय असतं ते मला समजत नाही.

मग तिनं दुपटं त्याच्यापुढं सरकवलं. म्हणाली, "तिचं नाव घ्या. एकदा. पाणी नको, प्रार्थना नको. नुसतं नाव."

तो घाबरला. म्हणाला, मला अजून दीक्षा मिळालेली नाही, मी बाप्तिस्मा देऊ शकत नाही, आणि गेलेल्याला तर कुणीच देऊ शकत नाही, तो अधर्म आहे.

"ते मला कळतं," केझाया म्हणाली. "पण नाव घ्यायलाही दीक्षा लागते का? घरात कुणी घेत नाही म्हणून परक्याला सांगतेय."

हे माझ्यासाठी होतं. मला लागलं. मला त्या क्षणी म्हणायचं होतं की थांब, मी घेतो, मी बाप आहे. पण जीभ टाळूला चिकटली. आमच्यात नाव पाण्याबरोबर येतं, हे माझ्या हाडात बसलेलं आहे, ते असं एका संध्याकाळी कसं निघणार?

केझायानं त्याच्या कानाशी वाकून नाव सांगितलं. पार्डी उठून उभा राहिला. त्यानं रिकाम्या दुपट्यावर हात ठेवला आणि नाव घेतलं. बागेतला आवाज नव्हता तो. शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी इतपतच होता. केझाया गुडघ्यांवर बसली, तोंड त्या कापडात घातलं आणि रडायला लागली. वसंतापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, पुरलं त्या दिवशीसुद्धा नाही. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. मी काय पाहतोय याला माझ्याकडे शब्द नव्हता.

आणि खिडकीत पेकबाईचा चेहरा होता. हातात आमची चाळणी. शब्बाथ संपायच्या आत चाळणी परत करायला निघाली होती, म्हणजे तिनंही तो मोडलाच होता, पण हे मला त्या वेळी सुचलं नाही.

सोमवारी पहाटे मी पार्डीला घेऊन निघायच्या आत गेलर्डसाहेबांचा निरोप आला. कैद्यासह या.

न्यायाधीशांची कचेरी म्हणजे त्यांच्या घरातली पुढची खोली. तिथं रेव्हरंडसाहेब बसले होते आणि पेकबाई उभी होती. तिनं सांगून टाकलं होतं की परक्या माणसानं कॉन्स्टेबलच्याच घरात, शब्बाथाच्या दिवशी, उभं राहून, हात ठेवून काहीतरी विधी केला आणि केझाया जमिनीवर पडली. अटकेत असताना पुन्हा उपदेश केला असं ठरलं असतं तर पार्डी तुरुंगात गेला असता. बाप्तिस्म्याचं सोंग केलं असं ठरलं असतं तर आणखी वाईट. आणि ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. केझाया आमच्या मागोमाग आली होती, दाराशी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मला शपथ दिली. देवासमोर खरं सांगेन. मी म्हटलं, सांगेन. आणि मनात म्हटलं, पण खरं काय आहे?

"तो उभा राहिला?" गेलर्डसाहेबांनी विचारलं.

"राहिला."

"हात ठेवला?"

"ठेवला. दुपट्यावर."

"दुपट्यात कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

गेलर्डसाहेब थांबले. त्यांनी केसांचा टोप जरा मागं सरकवून कपाळ खाजवलं. म्हणाले, मग उपदेश केला की नाही? मी म्हटलं, मला सांगता येत नाही. ते म्हणाले, तू तिथंच होतास ना? मी म्हटलं, होतो, म्हणूनच सांगता येत नाही. पेकबाई नाकातून हसली. पार्डी जमिनीकडे बघत होता. त्यानं स्वतःच्या बाजूनं एक शब्द काढला नाही.

"बरं, कायदा मी बघतो," गेलर्डसाहेब म्हणाले. "तू फक्त त्याच्या तोंडून काय निघालं ते सांग. शब्दाला शब्द. शपथेवर आहेस."

त्याच्या तोंडून जे निघालं त्यात महत्त्वाचा एकच शब्द होता. तो मी कधी उच्चारला नव्हता. हिवाळ्यात केझायानं सांगितला तेव्हा नाही, मुलगी माझ्या हातात होती तेव्हा नाही, खड्ड्यात माती लोटली तेव्हाही नाही. मी दाराकडे पाहिलं. केझाया माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं की मी आताही "बाळ" म्हणेन. तिच्या चेहऱ्यावर ते मला स्वच्छ वाचता आलं, आणि त्या दोन दिवसांत मला स्वच्छ कळलेली ती एकच गोष्ट.

"झिल्पा," मी म्हटलं.

"काय?"

"झिल्पा. एवढंच म्हणाला."

गेलर्डसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "या नावाचं आपल्या गावात कुणी नाही."

"आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "झिल्पा. माझी मुलगी. सभाघरामागच्या कुंपणाला लागून आहे. दगडावर नाव नाही, पण आहे."

केझाया दार सोडून चालत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. गेलर्डसाहेब रेव्हरंडांकडे वळले.

"रेव्हरंड, हा उपदेश झाला का?"

"नाही."

"मग बाप्तिस्मा?"

"पाणी नाही, मूल नाही, दीक्षा नाही. बाप्तिस्मा कसा होईल?"

"मग हे काय आहे?"

आता दुपारभर चालणार, असं मला वाटलं. रेव्हरंडसाहेबांनी केझायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वसंतात पाहिले होते तसे त्यांचे डोळे भरून आले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. आणि एवढंच म्हणाले.

गेलर्डसाहेबांनी हात झटकले. म्हणाले, कायद्यात हे कुठं बसत नाही, सूर्य डोक्यावर आहे तोवर या माणसाला ओढ्यापलीकडे नेऊन सोड, आणि पेकबाई, तुम्ही चाळणी सूर्यास्तानंतर परत करत चला.

केझायाही आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत आली. का आली, मी विचारलं नाही. रूट पलीकडे उभाच होता. त्यानं आधी आभाळाकडे बघून खात्री केली आणि मग पार्डीला हाताला धरून घेतलं. पार्डीनं वळून टोपी काढली. तो पुढं कुठल्या बागेत कुठल्या टोपलीवर चढला, मला माहीत नाही.

आम्ही दोघं परत निघालो. माझ्या डोक्यात सगळं तसंच कालवलेलं होतं. शब्बाथ मी मोडला की पाळला, तो माणूस देवाचा होता की भटक्या, पाण्यावाचून घेतलेलं नाव नाव असतं का, आणि मुलगी कुठं आहे. यातलं एकही तेव्हा सुटलं नाही, आजही सुटलेलं नाही.

"हाक मारल्यासारखं म्हणालात," केझाया म्हणाली.

"कधी?"

"तिथं, शपथेवर. झिल्पा, असं. अंगणातून आत बोलवावं तसं."

"ती थोडीच येणार आहे," मी म्हटलं.

"नाही येणार. मी आले की."

असं म्हणून तिनं माझ्या हातातली काळी काठी काढून घेतली आणि ती टेकत टेकत माझ्यापुढं घराकडे चालायला लागली.